पालवणकर बाळू

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र असतेच. जिजाबाई झाल्या, अहिल्याबाई झाल्या, संतही पुष्कळ झाले. या वर्षी मी एका क्रिकेटवाल्याचे चरित्र लिहिले आहे. त्यावर कोणी म्हणेल की बायकांच्या स्मरणिकेत चेंडूफळीचे काय काम? पण हे चरित्र जितके मैदानावरचे आहे तितकेच चहाच्या कपाचे आणि जेवणाच्या पंगतीचेही आहे, आणि त्या दोन गोष्टी आपल्याला पुरुषांपेक्षा अधिक कळतात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातून पुस्तके आणून आणि इंग्रजी मजकूर मुलाकडून समजून घेऊन हे लिहिले आहे.

त्यांचे नाव पालवणकर बाळू. धावफलकावर आणि वर्तमानपत्रांत पी. बाळू असे लागत असे. जन्म १८७६ साली धारवाडला झाला, पण मूळ गाव कोकणातले पालवण आणि त्यावरून हे आडनाव पडले. घराणे चांभार समाजाचे, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानलेले. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे कुटुंब पुण्याच्या लष्करी वस्तीत आले. तेथे गोरे शिपाई आणि अधिकारी क्रिकेट खेळत आणि जुने, झिजलेले सामान टाकून देत. त्या टाकलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही याच खेळात नावाजले. एका घरातले चार भाऊ, आणि चौघेही पहिल्या प्रतीचे खेळाडू! खेळाडूंच्या चरित्रांत घरच्या बायकांना सहसा जागा नसते. पण चार मुलांचे पांढरे कपडे त्या काळी कोणाच्या हातून धुतले गेले असतील, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात होती. पगार महिना तीन रुपये. काम म्हणजे मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, आणि सभासदांना सरावाला कोणी हवा असेल तर चार चेंडू टाकायचे. पुढे १८९२ च्या सुमारास ते साहेब लोकांच्या पूना क्लबात लागले. तेथे पगार चार रुपये झाला. खेळपट्टी तयार करायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी बांधायची, टेनिसची मैदाने आखायची, हे सारे त्यांच्याकडे. ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्यांना जाळीत गोलंदाजी करायला लावले आणि तेथून त्यांचे दैव फिरले.

बाळू डावखुरे होते आणि मंद गोलंदाजी टाकीत. ज्या भगिनींना क्रिकेटची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. वेगवान गोलंदाज लांबून धावत येतो आणि जोराने चेंडू फेकतो. फिरकी गोलंदाजाचे तसे नसते. तो दोनचार पावलेच येतो, आणि चेंडू सोडताना बोटांनी त्याला पीळ देतो, मुले भोवऱ्याला देतात तसा. हवेत चेंडू अगदी गरीब दिसतो. फलंदाजाला वाटते की हा आपल्याला सहज मारता येईल. पण जमिनीवर टप्पा पडला की पीळ कामाला लागतो आणि चेंडू एकीकडे वळतो. बॅट एका जागी, चेंडू दुसऱ्या जागी. डावऱ्या हाताच्या गोलंदाजाचा असा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर पळतो, आणि बहुतेक फलंदाज उजव्या हाताचेच असल्यामुळे अशा गोलंदाजाला फार मान. बाळू चेंडू दोन्ही बाजूंना वळवीत, कधी उंच तर कधी सपाट टाकीत, वेग हळूच कमीजास्त करीत. त्या काळी खेळपट्टीवर आच्छादन घालीत नसत. पाऊस पडून ऊन आले की माती चिकट होई आणि अशा मातीवर बाळूंना खेळणे महाकठीण होई. माती त्यांना कळणारच, कारण ती वर्षानुवर्षे त्यांनीच झाडली होती, तिच्यावर रूळ फिरवला होता!

पूना क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे एक साहेब त्या वेळी फार मोठे फलंदाज समजले जात. (हे साहेब पुढे इंग्लंडात पाद्री झाले.) ते इतर सभासदांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि एकट्या बाळूंची गोलंदाजी खेळत. बाळूंनी आपल्याला बाद केले की ते दर खेपेस आठ आणे देत अशी गोष्ट सांगतात. महिन्याला चार रुपये पगार आणि एका बळीला आठ आणे! म्हणजे आठ वेळा साहेबाला बाद केले की एका महिन्याचा पगार सुटला. अशा सरावाने बाळूंचा हात बसला. मात्र इतकी वर्षे शेकडो तास गोलंदाजी करूनही त्या जाळीत त्यांच्या हाती कोणी बॅट दिली नाही. बॅट धरणे हा सभासदांचा मान, आणि चेंडू टाकणे ही नोकरी.

पुण्यातल्या हिंदूंचाही एक क्लब होता आणि साहेबांच्या क्लबाला हरवावे ही त्यांची मोठी इच्छा होती. शहरातला सर्वांत चांगला गोलंदाज कोण हे सर्वांना ठाऊक होते. पण तो चांभार. त्याला घ्यावा की न घ्यावा यावर क्लबात दोन तट पडले. तेलुगू सभासद घ्यावे म्हणत होते आणि आपले मराठी ब्राह्मण सभासद नको म्हणत होते. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण झाले ते असे. शेवटी ग्रेगसाहेबानेच सांगितले की असा गोलंदाज हाताशी असून हिंदूंनी त्याला न खेळवणे म्हणजे शुद्ध मूर्खपणा होय. त्यात त्याचा स्वार्थ असा की सरावातल्या बाळूंशी त्याला खऱ्या सामन्यातही गाठ घालायची होती. काही असो, बाळू संघात आले.

आता कपाची गोष्ट. मैदानावर बाळूंच्या हातातला चेंडू सगळे झेलत. ब्राह्मणाने झेललेला चेंडू बाळूंकडे आणि बाळूंचा चेंडू ब्राह्मणाकडे, असा दिवसभर जाई, आणि त्यात कोणाला विटाळ होत नसे. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे दहा जण आत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. तोंड धुवायचे झाले तर अस्पृश्य मानलेलाच एक गडी किटलीतून पाणी घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात येई आणि लांबून त्यांच्या हातावर ओती. जेवणाला त्यांचे ताट वेगळ्या मेजावर. ज्या माणसाने सकाळभर सात गडी बाद करून क्लबाची अब्रू राखली, त्याने दुपारी एकट्याने जेवायचे!

भगिनींनो, ही गोष्ट वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. माझ्या लहानपणी आजोळी मागच्या दारी भिंतीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असे. तो गोठा झाडायला येणाऱ्या बाईचा. ती स्वतःच तो विसळी आणि स्वतःच पालथा घाली. आम्हा मुलांना त्या कपाला हात लावायची मनाई होती, आणि का म्हणून विचारायचीही. ते जुने दिवस म्हणून सोडून द्यावे, तर आज शहरातल्या चांगल्या चांगल्या इमारतींतसुद्धा धुण्याभांड्याच्या बाईचा कप ओट्याखाली वेगळा असतो. तिच्या हातची भांडी चालतात, तिने लाटलेली पोळी चालते, पण कपाचे मात्र वेगळे. बाळूंच्या वेळी चेंडूचे आणि चहाचे जे होते, त्याहून हे फारसे निराळे आहे असे मला वाटत नाही. असो.

बाळू आल्यावर पुण्याचा हिंदू क्लब जिंकू लागला. एकदा साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना ठरला. त्यांना बाळूंची धास्ती होती, म्हणून चेंडू वळू नये अशा बेताने त्यांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती दगडासारखी केली. तरी बाळूंनी सात गडी बाद केले. त्या विजयानंतर पुण्यात त्यांचा जाहीर सत्कार झाला आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला हरकत कसली, असा रोखठोक सवाल रानड्यांनी आपल्याच लोकांना केला. दुसऱ्या एका सभेत लोकमान्य टिळकांनीही बाळूंचे कौतुक केले. रानडे आणि टिळक यांचे किती गोष्टींत पटत नव्हते हे आपण शाळेत शिकलो, पण बाळूंच्या बाबतीत दोघेही त्यांच्या बाजूने उभे राहिले.

पुढे पुण्यात प्लेग आला. लोक गाव सोडून बाहेर पडू लागले आणि बाळूही मुंबईस आले. काही काळ लष्करात काढून मग बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी धरली. मुंबईतल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांना घ्यायला काही सभासदांनी विरोध केला, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळू तेथे खेळू लागले. भाऊ शिवरामही आले. शिवराम फलंदाजीत चांगले आणि क्षेत्ररक्षणात चपळ.

मग १९०६ चा फेब्रुवारी महिना उजाडला. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, स्वदेशीचे वारे जोरात, आणि अशा वेळी मुंबईत हिंदू संघ आणि युरोपियन संघ यांचा मोठा सामना ठरला. पाहायला माणसांची गर्दी. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, साहेबांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. साहेबांना जिंकायला २१२ हव्या होत्या, पण ते १०२ धावांतच गारद झाले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. दोन्ही डाव मिळून बाळूंनी आठ गडी घेतले, त्यांतले पाच शेवटच्या डावातले.

या सामन्याबद्दल मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते धावांचे आकडे नव्हेत. तोवर मुंबईच्या हिंदू जिमखान्यात बाळू आणि शिवराम यांना इतर खेळाडूंबरोबर एका पंगतीला बसवू लागले होते. पुण्यात मातीच्या भांड्यापासून सुरुवात झाली, आणि दहाबारा वर्षांत मुंबईत पंगतीपर्यंत पोचले. सुधारक लोकांच्या इंग्रजी पत्रांनी या गोष्टीचे मोठे कौतुक केले. कौतुक करण्यासारखे ते होतेच. पण हा बदल बाळूंच्या बोटांनी घडवला हे विसरता कामा नये. तेच बाळू साधारण खेळाडू असते तर त्यांना पंगतीत कोणी बोलावले असते काय? आणि जे हजारो लोक काही खेळत नव्हते, नुसती मेहनत करून पोट भरीत होते, त्यांचे काय? हा प्रश्न पुढे दुसऱ्या एका मोठ्या माणसाने देशाला विचारला, त्याची गोष्ट पुढे येते.

१९११ साली हिंदुस्थानचा एक संघ इंग्लंडला गेला. पाच हिंदू आणि बाकीचे बहुतेक पारशी व मुसलमान, असा सर्व हिंदुस्थानचा म्हणावा असा तो पहिला संघ. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षे एकोणीस. त्या वर्षी पंचम जॉर्ज बादशहांचा राज्यारोहण समारंभ होता. महाराज त्या थाटात आणि मेजवान्यांत इतके गुंतले की फार थोडे सामने खेळले. त्यांच्याबरोबर के. एम. मिस्त्री हा चांगला पारशी फलंदाजही गेला. उरलेल्या मंडळींवर सगळा भार पडला आणि त्यातला मोठा वाटा बाळूंच्या डाव्या खांद्यावर.

बाळू तेव्हा पस्तिशीचे होते. परका देश, परके अन्न, रोज नवे गाव, आणि समोर मुरलेले इंग्रज खेळाडू. सुरुवातीला संघ हरतच गेला. त्यात बाळूंचा खांदा दुखत होता. तरी त्यांनी चेंडू खाली ठेवला नाही. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत आठ गडी घेतले. जुलैत लेस्टरशायर संघाशी सामना झाला आणि त्यात एकट्या बाळूंनी अकरा बळी मिळवले. तो सामना आपल्या संघाने जिंकला. पुढे सॉमरसेटविरुद्ध भावाची पाळी आली. शिवरामनी नाबाद ११३ धावा काढून संघाला एका गड्याने जिंकून दिले. म्हणजे इंग्लिश परगण्यांवर मिळालेले दोन्ही विजय या दोन भावांच्या घरातून आले असे म्हटले तरी चालेल.

संपूर्ण दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले, सरासरी १८.८४. दर बळीला एकोणीसही धावा दिल्या नाहीत! संघ तेवीस सामन्यांतले पंधरा हरला. हरणाऱ्या संघात गोलंदाजाचे हाल फार. आपले लोक झेल सोडतात, धावा कमी करतात, आणि गोलंदाजाला मात्र पुन्हा पुन्हा चेंडू हाती घ्यावा लागतो. अशाही स्थितीत इतके बळी मिळवणे म्हणजे खेळ नव्हे. इंग्रज जाणकारांनी त्यांची फार वाखाणणी केली. हिंदुस्थान अधिकृत कसोटी सामना खेळला तो एकवीस वर्षांनी, १९३२ साली. तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे झाले होते. म्हणून कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव सापडत नाही. पण परदेशच्या मैदानावर हिंदुस्थानच्या नावाने खेळून जग जिंकावे असे खेळणारे आपले पहिले मोठे गोलंदाज तेच.

बाळू परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला आणि मानपत्र दिले. हे मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते असे सांगतात. ते त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. आपल्या समाजातला एक माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला हरवून आला, याचा त्यांना किती अभिमान वाटला असेल!

इतके सगळे झाले, तरी एक दार बाळूंना उघडले नाही. ते कर्णधारपदाचे. मुंबईत तिरंगी आणि १९१२ पासून चौरंगी सामने होत, आणि हिंदू संघात बाळूंइतका अनुभवी कोणी नव्हता. पण दरवर्षी कर्णधार दुसराच. १९१३ च्या सुमारास हे पद एम. डी. पै यांच्याकडे होते. त्यांच्या सत्काराच्या समारंभातच पै यांनी मोकळ्या मनाने सांगितले की हा मान खरे तर वडीलकीने बाळूंचा होता. स्वतःच्या सत्कारात असे बोलायला मोठे मन लागते. पण सभेत टाळ्या झाल्या आणि पुढच्या वर्षीही व्यवस्था तीच राहिली. एका पंगतीला बसवायला लोक तयार झाले होते, पण त्याच्या आज्ञेत राहायला नव्हते. चहा वेगळा आणि हुकूम वेगळा. आपल्याला हे घरातही ठाऊक आहे. सून स्वयंपाक उत्तम करते म्हणून सगळे बोटे चाटतात, पण कोठीच्या किल्ल्या मात्र वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या कमरेला!

बाळू कधी भांडले नाहीत. ते शांत आणि मितभाषी होते. पण धाकट्या भावांचा काळ वेगळा होता. १९२० च्या डिसेंबरात चौरंगी सामने आले तेव्हा पै आजारी होते. विठ्ठल तोपर्यंत हिंदू संघाचे उत्कृष्ट फलंदाज झाले होते, म्हणून कर्णधारपद त्यांच्याकडे येणार असे लोक धरून चालले होते. निवड समितीने मात्र पुण्याचे दि. ब. देवधर यांची निवड केली आणि बाळूंना संघातूनच वगळले. देवधर स्वतः थोर खेळाडू, त्यांच्याविषयी कोणी बोट उचलू नये. पण अन्याय अन्यायच. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघात खेळायचे नाकारले आणि जाहीर पत्रक काढून जातीमुळे आपल्याला डावलले जाते हे लोकांपुढे मांडले. सगळीकडे खळबळ उडाली. शेवटी समेट झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै बरे होऊन कर्णधार झाले, बाळूंना उपकर्णधार केले, आणि भाऊ परत आले. सामना चालू असताना पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदू संघ बाळूंच्या हुकमाखाली खेळला. वय पंचेचाळिशीच्या घरात, तीसएक वर्षे खेळलेला माणूस, आणि कर्णधारपद मिळाले ते असे, दुसऱ्याने घटकाभर जागा रिकामी केली म्हणून!

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल रीतसर कर्णधार झाले. त्यांनी युरोपियन संघाला हरवून चौरंगी सामने जिंकले आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन नाचवले. विठ्ठलनी पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. बाळूंनी असे काही लिहिले नाही.

खेळ थांबल्यावर बाळू राजकारणात पडले. १९३२ साली पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींनी उपोषण केले आणि त्यातून पुणे करार झाला. या करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते. ज्या पुण्यात त्यांनी तीन रुपयांवर मैदान झाडले त्याच पुण्यात हे घडले. गांधीजींवर त्यांची श्रद्धा होती. अस्पृश्यता हिंदू समाजात राहूनच नाहीशी होईल असे त्यांना वाटे. डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली ती बाळूंना पटली नाही. ज्यांनी मानपत्र लिहिले असे सांगतात ते आणि ज्यांना ते दिले ते, अशा दोघांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. बाळू हरले.

या निवडणुकीवरून कोणी बाळूंना नावे ठेवतात. मला तसे करवत नाही. बाळूंनी आयुष्यभर पाहिले ते असे की आपण नेटाने खेळलो की समोरच्याचे मन थोडे थोडे नरम पडते. मातीच्या भांड्याचा कप झाला, कोपऱ्याची पंगत झाली. त्यांना त्याच वाटेवर विश्वास वाटला तर नवल ते काय! पण आंबेडकरांचा प्रश्न निराळा होता. ज्याच्या बोटात फिरकी नाही त्याने किती पिढ्या थांबायचे? मला विचाराल तर मत देताना लोकांनी केले तेच मीही केले असते. आणि तरीही बाळूंचा विजय पाहायला साताऱ्याच्या त्या मैदानाकडेला जाऊन उभी राहिले असते.

पहिल्या दर्जाच्या तेहतीस सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले, सरासरी १५.२१. आजच्या खेळाडूंपुढे हे सामने थोडे वाटतील. पण त्या काळी असे सामनेच वर्षातून एकदोन होत, आणि त्यांचा उमेदीचा पुष्कळ काळ रूळ ओढण्यात आणि साहेबांना सराव देण्यात गेला.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझच्या स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी दलित समाजाचे पुढारीही आले होते आणि क्रिकेट खेळाडूही आले होते.